पाप ‘पदरी घेणं’ म्हणजे काय करायचं? कन्फेशनबद्दल थोडं सोपं करून

मागच्या आठवड्यात ऑफिसखालच्या टपरीवर तर्रीपोहे खाताना एका मित्रानं एकदम विचारलं, "काय बे, तुमच्यात बरं आहे ना. रविवारी गेलं, त्या लाकडी खोक्यात बसून फादरले सांगितलं, झालं, सोमवारपासून पुन्हा मोकळे." त्यानं आदल्या रात्री कुठलीतरी वेबसिरीज पाहिली होती, जाळीच्या आड फादर, इकडे रडणारा खुनी, वरच्या खिडकीतून निळा उजेड, सगळं साग्रसंगीत. मी म्हटलं अरे मी प्रोटेस्टंट आहे, आमच्या चर्चमध्ये ते खोकंच नसतं. तर म्हणे, "मग तुम्ही पाप टाकता कुठं?"

हसलो, तर्री संपवली, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. माझं घर नागपूरच्या सदरमधलं, सीएनआय ह्या प्रोटेस्टंट चर्चवालं, बायको कॅथलिक, म्हणजे आमच्या टू बीएचकेमध्ये कन्फेशनच्या, म्हणजे पाप कबूल करायच्या, दोन पद्धती एकाच छताखाली नांदतात. आणि गेली दोनेक वर्षं मी स्वतःही हे नेमानं करायचा प्रयत्न करून राहिलो आहे, फार चांगलं जमत नाही पण करतो. त्यामुळे टपरीवर जे धड सांगता आलं नाही ते इथं लिहितो.

आधी तो शब्दच नीट पाहू

कन्फेशन म्हटलं की मराठीत पहिला शब्द सुचतो कबुलीजबाब, आणि तिथंच गडबड होते, कारण कबुलीजबाब म्हटलं की पोलीस स्टेशन, दांडका आणि कोरा कागद आठवतो. गंमत म्हणजे आपला कायदाच पोलिसांसमोरच्या कबुलीवर विश्वास ठेवत नाही, १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात ते २३ झालं, पोलिसाला दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. का, तर तो दाबून घेतलेला असू शकतो. चर्चमधल्या कन्फेशनचं सगळं उलटं आहे. तिथं दाबून घेतलेल्याला अर्थच नाही, माणूस आपल्या पायानं चालत आला पाहिजे.

कॅथलिक लोक पापनिवेदन म्हणतात, आमच्याकडे उपासनेत पापांगीकार असा भारदस्त शब्द आहे, गोव्याचे कोंकणी ख्रिस्ती ‘कुमसार’ म्हणतात. पण मला सगळ्यात आवडतो तो आपल्या मराठी बायबलमधला वाक्प्रचार. योहानाच्या पहिल्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या नवव्या वचनात, "जर आपण आपली पापे पदरी घेतली" तर देव क्षमा करतो असं आहे. पदरी घेतली! ज्यानं हे भाषांतर केलं त्याच्या कानाला सलाम. आपल्याकडे ‘पदरी पडलं आणि पवित्र झालं’ म्हणतात, म्हणजे जे नशिबानं आलं ते गोड मानून घ्यायचं. पण पडणं वेगळं आणि घेणं वेगळं. पडलं त्यात आपला हात नसतो. घेतलं म्हणजे आपण वाकून उचललं, हे माझं आहे म्हटलं, शेजाऱ्याच्या अंगणात ढकललं नाही. कन्फेशनचा बहुतेक अर्थ ह्या एका क्रियापदात येतो.

मोघम आणि नेमकं

व्हॉट्सअॅपवर वर्षातून दोनतीनदा मेसेज फिरतो, "माझ्याकडून कळत नकळत काही चूक झाली असेल तर मोठ्या मनानं माफ करा", खाली हात जोडलेले. दोनशे लोकांना फॉरवर्ड. ह्यात ‘असेल तर’ हे दोन शब्द फार कामाचे आहेत, माफी मागितल्याचं पुण्य पण मिळतं आणि चूक केली असं कुठं मान्यही करावं लागत नाही. वाईट म्हणून सांगत नाही, मीही पाठवतो. पण कन्फेशन ह्याच्या बरोबर दुसऱ्या टोकाला आहे.

डॉक्टरकडे गेल्यावर "बरं नाही वाटत" एवढंच म्हणून आपण थांबलो तर तो काय औषध देणार? तो विचारतो कुठं दुखतं, कधीपासून, जेवणाआधी की नंतर. कन्फेशनमध्ये तसंच नेमकं बोलायचं असतं. "मी वाईट माणूस आहे" हे कन्फेशन नाही, ते फार तर स्वतःवर काढलेला सुस्कारा आहे, आणि खरं सांगायचं तर त्यात थोडा आरामही असतो. "मंगळवारी मी आईला खोटं सांगितलं की मीटिंग आहे, मीटिंग नव्हती, मला तिला दवाखान्यात न्यायचा कंटाळा आला होता" हे कन्फेशन. दुसरं वाक्य बोलताना जीभ जड होते ना, तोच फरक.

आता नेमकं सांगायचं तर आधी नेमकं सापडलं पाहिजे, म्हणून कन्फेशनच्या आधी एक पायरी असते, तिला कॅथलिक लोक विवेकपरीक्षण म्हणतात, म्हणजे बसून आपला दिवस किंवा महिना मागून पुढं पाहायचा. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला नावाच्या, आधी सैनिक असलेल्या स्पॅनिश संतानं ह्याची पद्धतच बसवून दिली. आधी देवाचे आभार, मग समजूत दे म्हणून प्रार्थना, मग दिवस तासातासानं आठवायचा, मग क्षमा, मग उद्याचा निश्चय. आभारानं सुरुवात आहे हे लक्षात घ्या, सरळ झोडपण्यानं नाही.

नागपूरकरांना हे समजायला सोपं आहे कारण आपण दर मार्चमध्ये कूलर काढतो. वरून पाहिलं तर टाकीतलं उरलेलं पाणी बऱ्यापैकी स्वच्छच दिसतं. हात घालून तळ खरवडला की कळतं खाली काय साचलं आहे, गाळ, क्षार, मागच्या वर्षीच्या वाळ्याच्या काड्या, एखादी मेलेली पाल. न काढता तसाच सुरू केला तर चालत नाही असं नाही, चालतो, फक्त सगळ्या घरात तो वास फिरतो आणि घरातल्यांना त्याची सवय झालेली असते, पाहुण्यालाच कळतं.

ते लाकडी खोकं आलं कुठून

लोकांना वाटतं हे येशूच्या काळापासून असंच आहे. नाही. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना म्हणतो की तुम्ही ज्यांच्या पापांची क्षमा कराल त्यांची झाली, ह्यावर कॅथलिक परंपरा उभी आहे. पण सुरुवातीच्या काही शतकांत मोठ्या पापांसाठी, म्हणजे खून, व्यभिचार, छळाच्या भीतीनं धर्म नाकारणं वगैरे, प्रायश्चित्त उघड असायचं आणि आयुष्यात साधारण एकदाच मिळायचं. माणूस सगळ्या मंडळीसमोर प्रायश्चित्त घेणाऱ्यांत उभा. इसवी सन ३९० मध्ये थेस्सलनीकात सैनिकांनी हजारो लोक कापले, हुकूम रोमन सम्राट थिओडोसियसचा, तर मिलानच्या बिशप अँब्रोजनं त्याला प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधला भाकरी आणि द्राक्षारसाचा प्रसाद, द्यायला नकार दिला आणि सम्राटाला उघड प्रायश्चित्त करावं लागलं. सत्तेतल्या माणसानं "माझं चुकलं" म्हणणं, कल्पना करून पाहा.

पण एकदाच चान्स म्हटल्यावर लोकांनी काय केलं असेल? बरोबर, मरेपर्यंत पुढं ढकललं. मग सहाव्या सातव्या शतकात आयर्लंडच्या मठवासी साधूंनी दुसरी रीत पसरवली, एकट्यात सांगायचं, कितीही वेळा सांगायचं, आणि त्यांनी चक्क रेटकार्डासारख्या वह्या केल्या, अमुक पापाला इतके दिवस नुसतं भाकरपाणी. आज हसू येतं, पण उघड लाज जाऊन गुप्तता आली ती इथूनच. पुढं १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेनं, म्हणजे चर्चच्या मोठ्या सभेनं, नियम केला की प्रत्येकानं वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करायचंच, आणि त्याच नियमात हेही घातलं की जो पाद्री ऐकलेलं बाहेर फोडेल त्याचं पद जाणार आणि त्याला जन्मभर मठात कोंडणार.

आणि खोकं? ते सोळाव्या शतकातलं, आणि त्याचा संबंध आपल्या सेमिनरी हिल्सशी लागतो म्हणून सांगतो. टेकडीवर फिरायला, बालोद्यानला अख्खं नागपूर जातं, पण नाव कशावरून पडलं हे फार कुणी विचारत नाही. तिथं सेंट चार्ल्स सेमिनरी आहे, सेमिनरी म्हणजे फादर घडवायचं कॉलेज. हे सेंट चार्ल्स म्हणजे मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमेओ. पूर्वी फादर खुर्चीवर आणि माणूस शेजारी गुडघ्यावर असं उघड्यावरच चालायचं, त्यात गैरप्रकाराच्या, विशेषतः बायकांच्या बाबतीत, तक्रारी होत्या, म्हणून बोरोमेओंनी मध्ये पडदी आणि जाळी असलेली बैठक आपल्या हद्दीत सक्तीची केली. म्हणजे वेबसिरीजमध्ये जे गूढ वाटतं ते मुळात सुरक्षेसाठी केलेलं सुतारकाम आहे.

आत नेमकं होतं काय

बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "पाच मिनिटं लागतात रे, बँकेत केवायसीला जास्त लागतात." क्रम असा. आत जाऊन क्रूसाची खूण, मग मागचं पापनिवेदन कधी केलं ते सांगायचं, दोन महिने, दोन वर्षं जे असेल ते. मग पापं, सरळ. १५५१ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेनं सांगितलं की गंभीर पापं प्रकार आणि संख्येसकट सांगायची, म्हणजे पुन्हा तेच, मोघम नको. फादर एखादा प्रश्न विचारतात, चार शब्द समजुतीचे बोलतात. मग प्रायश्चित्त देतात, हल्ली बहुधा प्रार्थना, एखादं स्तोत्र, किंवा ज्याचं नुकसान केलं त्याचं भरून दे असं काही. मग पश्चात्तापाची प्रार्थना आपण म्हणायची, आणि शेवटी फादर पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं क्षमा उच्चारतात, ह्याला पापमोचन म्हणतात. आजकाल जाळीच हवी असं नाही, समोरासमोर खुर्चीवर बसूनही चालतं. ती म्हणते जाळीच बरी, समोर बसलं की मी फादरच्या चेहऱ्याकडे पाहत बसते.

कॅथलिक समजुतीप्रमाणे क्षमा फादर स्वतःच्या खिशातून देत नाही. पोस्टमन मनीऑर्डर देतो म्हणून पैसे त्याचे होत नाहीत, पण तो आला नसता तर आपण दारात वाट पाहत राहिलो असतो, तसं काहीसं.

आमच्याकडे खोकं नाही, मग?

सीएनआय, म्हणजे उत्तर भारतीय मंडळी, ही २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्याच नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरा एकत्र येऊन झाली, त्यात अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, मेथडिस्ट होते. त्यामुळे आमच्या उपासनेत अँग्लिकन वळणाचा सामुदायिक पापांगीकार असतो, सगळी मंडळी एका सुरात म्हणते की आम्ही विचारानं, शब्दानं आणि कृतीनं पाप केलं आहे, मग पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, क्षमेची घोषणा करतात. सुंदर प्रार्थना आहे. लहानपणापासून पाठ. आणि पाठ आहे हीच भानगड, तोंड म्हणत असतं आणि डोकं दुपारच्या सावजीकडे गेलेलं असतं.

पुष्कळांना वाटतं ज्याच्यापासून प्रोटेस्टंट सुरू झाले त्या मार्टिन ल्यूथरनं कन्फेशन बंद केलं. त्यानं सक्ती काढली, सगळी पापं मोजून सांगायलाच पाहिजेत ही अट काढली, पण खासगी पापनिवेदन स्वतः शेवटपर्यंत सोडलं नाही, १५२९ च्या त्याच्या छोट्या प्रश्नोत्तरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या पुस्तकात, ते कसं करायचं हे सांगितलं आहे. अँग्लिकन लोकांमध्ये एक म्हण आहे, सगळ्यांना मुभा, कुणावर सक्ती नाही, काहींनी मात्र करावंच. आणि मेथडिस्टवाल्या जॉन वेस्लीनं तर १७३८ मध्ये छोट्या गटांचे नियम लिहिले, दर आठवड्याला भेटायचं आणि पहिलाच प्रश्न, मागच्या भेटीनंतर तू जाणूनबुजून कोणतं पाप केलंस? चहाबिस्किटाच्या आधी हा प्रश्न! आमच्या गृहसभेत कुणी विचारून पाहावा, पुढच्या वेळी निम्मे लोक लग्नाला गेलेले असतील.

आधार आहे याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. एकमेकांजवळ, पाद्रीजवळच असं नाही. जर्मनीत हिटलरच्या काळात डीट्रिश बॉनहोफर नावाचा ल्यूथरन पाळक फिन्केनवाल्डेला एक सेमिनरी चालवत होता, १९३७ मध्ये गेस्टापोनं, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांनी, ती बंद केली, तिथं तो विद्यार्थ्यांना प्रभुभोजनाच्या आधी एकमेकांजवळ कबुली द्यायला सांगायचा, सुरुवातीला त्यांना विचित्र वाटलं. तोही स्वतः त्यांच्यातल्याच एकाजवळ देत असे.

देवाला सगळं माहीतच आहे ना, मग सांगायचं कशाला

हा प्रश्न टपरीवर आलाच. देवाला माहीत आहे, मान्य. पण कन्फेशन देवाला बातमी द्यायला नसतंच. आईला माहीत असतं लाडू कुणी खाल्ला, तरी ती विचारते.

बरं, एकट्यात देवालाच सांगितलं तर? चालतं, प्रोटेस्टंट तर तेच शिकवतात आणि ते खरंच आहे. माझी अडचण वेगळी आहे, एकट्यात मी फार चांगला वकील असतो. माझी केस मीच मांडतो, मीच न्यायाधीश, आणि निकाल दर वेळी सशर्त जामीन. ह्याचं उदाहरण माझंच देतो.

बाबा आजारी होते तेव्हा दादा पुण्याहून पैसे पाठवायचा, दवाखान्याची धावपळ मी करायचो. बिल सगळं त्यानंच भरलं. नंतर इन्शुरन्सचा एक राहिलेला क्लेम मंजूर झाला, अठरा हजार, खाते माझं दिलेलं होतं म्हणून माझ्याकडे आले. मी दादाला सांगितलं नाही. आधी वाटलं सांगू, मग वाशिंग मशीन बिघडली, मग वाटलं धावपळ तर मी केली, रात्री मी जागलो, त्याचं काहीतरी मोल असेलच ना. दोन वर्षं मी दर रविवारी मंडळीबरोबर विचारानं शब्दानं कृतीनं म्हणत होतो आणि ते अठरा हजार एकदाही आठवले नाहीत. आठवले नाहीत म्हणजे आठवू दिले नाहीत.

शेवटी आमच्या ओळखीतले एक रिटायर्ड अंकल आहेत, कमी बोलणारे, त्यांच्याजवळ गेलो. म्हटलं अंकल, दादाच्या बाबतीत माझं वागणं जरा बरोबर नव्हतं. ते म्हणाले, "काय झालं?" म्हटलं, काही पैसे होते. "किती?" थोडेसे. "किती?" अठरा हजार. बस, त्यांनी एवढंच केलं, दोनदा किती विचारलं. आणि तो आकडा तोंडातून बाहेर पडला तेव्हा मला दरदरून घाम फुटला, मे महिना होता, पण त्याचा नव्हता. मग त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, येशूच्या नावानं तुला क्षमा आहे असं स्पष्ट म्हणाले, आणि डोळे उघडल्यावर लगेच, "आता दादाले फोन लाव. अन् पैसे आजच पाठव."

दादाला सांगितलं. तिकडून जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाला, "मले माहीत होतं. क्लेमचा मेसेज माझ्याही मोबाईलवर आला होता."

दोन वर्षं तो दर दिवाळीला माझ्या घरी जेवून गेला होता.

तर माणसाला का सांगायचं, ह्याचं माझ्यापुरतं उत्तर हे. समोर दुसरा कान असला की वकिली चालत नाही, आणि क्षमा झाली हेही आपल्या आवाजात नाही तर दुसऱ्याच्या आवाजात ऐकू येतं. हे काही फक्त ख्रिस्ती लोकांनाच सुचलेलं नाही. बौद्ध भिक्खू उपोसथाच्या दिवशी आपला दोष दुसऱ्या भिक्खूला सांगतात, इतवारीतले आमचे जैन मित्र प्रतिक्रमण करतात आणि संवत्सरीला मिच्छामि दुक्कडं म्हणून क्षमा मागतात, आणि दारू सोडणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांमधली पाचवी हीच आहे, देवाजवळ, स्वतःजवळ आणि आणखी एका माणसाजवळ आपल्या चुकांचं नेमकं स्वरूप मान्य करणं. ती चळवळ निघालीच मुळी १९३५ मध्ये एका ख्रिस्ती गटाच्या सवयींमधून.

धुतलं आणि सोमवारी परत मळवलं

हा सगळ्यात जुना टोमणा, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, असं वागणारे लोक मला माहीत आहेत, आरशातही एक दिसतो. पण नियमानं पाहिलं तर तसं करताच येत नाही. कॅथलिक शिकवणीत पश्चात्ताप नसेल, पुन्हा न करण्याचा इरादा नसेल, तर पापमोचनाचे शब्द उच्चारूनही उपयोग नाही, अर्ज भरला पण सही नाही अशी गत. इरादा असून पुन्हा घसरलं तर ती गोष्ट वेगळी, घसरणार म्हणूनच तर कितीही वेळा या असं आयरिश साधूंनी ठरवलं.

आणि क्षमा मिळाली म्हणून हिशेब मिटत नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय आठवा, जकातदारांचा मुख्य, बुटका म्हणून झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी गेला तेव्हा तो म्हणाला की कुणाचं अन्यायानं घेतलं असेल तर चौपट परत करतो. किराणावाल्यानं "जाऊ द्या हो" म्हणून उधारी माफ केली तर ती माफी खरीच, पण त्याच्या गल्ल्यातून चोरलेली नोट खिशात ठेवून आपण "थँक्यू काका" म्हणालो तर? त्यामुळे मला अठरा हजार द्यावेच लागले. चौपट दिले नाहीत, तेवढा मी जक्कय नाही.

फादरनं बाहेर फोडलं तर?

कॅथलिक कायद्यात ह्याला पापनिवेदनाची मोहर म्हणतात, म्हणजे ऐकलेलं कुणालाही, कोणत्याही कारणानं, शब्दानं किंवा खुणेनंही कळू द्यायचं नाही. मुद्दाम फोडलं तर फादर आपोआप बहिष्कृत होतो. खुनी आला तरी? तरी. फादर त्याला पोलिसांकडे जा म्हणून कळकळीनं सांगू शकतो, स्वतः जाऊ शकत नाही.

इथं मात्र मला गुळगुळीत बोलायचं नाही. २०१८ मध्ये केरळात एका ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही पाद्रींवर आरोप झाला की एका विवाहितेनं कन्फेशनमध्ये सांगितलेलं वापरून तिला ब्लॅकमेल केलं, तिचं लैंगिक शोषण केलं. त्यावर राष्ट्रीय महिला आयोगानं कन्फेशनची प्रथाच बंद करा अशी शिफारस केली, चर्चनी कडाडून विरोध केला, आणि प्रथा घटनाबाह्य ठरवा म्हणणारी याचिका केरळ हायकोर्टानं फेटाळली, कन्फेशन द्यायचं की नाही हे व्यक्तीनं ठरवायचं असं म्हणून. मला वाटतं कोर्टाचं बरोबर होतं आणि आयोगाचा रागही समजण्यासारखा होता. ज्याच्याजवळ माणूस पदर पसरतो त्यानंच तो ओढला तर त्याहून वाईट काय.

कायद्याचं म्हणाल तर भारतात वकील आणि अशील यांच्या बोलण्याला स्पष्ट संरक्षण आहे, पाद्रीसाठी तसं वेगळं कलम नाही, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्यात लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्या कुणालाही ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, त्यात फादर वगळलेले नाहीत. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यानं २०२५ मध्ये कन्फेशनमध्ये ऐकलेल्या अशा अत्याचाराचीही खबर पाद्रींनी द्यावी असा कायदा केला, तर बिशप कोर्टात गेले आणि जुलैमध्ये फेडरल न्यायाधीशानं त्या तरतुदीला रोखलं. हा वाद संपलेला नाही. लेकराचा जीव आणि शतकांची मोहर ह्यात निवड करायची वेळ आली तर माझं मत लेकराकडे जातं, बायकोचं म्हणणं पडतं की मोहर मोडली तर असले लोक सांगायलाच येणार नाहीत आणि मग त्यांना थांबवणारंही कुणी उरणार नाही. आम्ही ह्यावर दोनदा भांडलो आहोत.

प्रोटेस्टंट पद्धतीत तर एवढी कडक मोहरही नसते, म्हणून माणूस निवडताना दहादा विचार करा. जो दुसऱ्यांचं तुम्हाला सांगतो तो तुमचं दुसऱ्यांना सांगणार, सोपं गणित आहे. प्रार्थनेचा विषय म्हणून अख्ख्या ग्रुपवर टाकणारे महाभाग आमच्याकडे आहेत, त्यांच्यापासून लांब.

मन फार लावून घेणाऱ्यांसाठी

काही लोकांना उलटाच त्रास असतो. पाप नसलं तरी सापडतं, सांगून झालं तरी वाटतं नीट सांगितलं नाही, परत जातात. ल्यूथर तरुणपणी असाच होता, तासन्तास सांगायचा, ऐकणारा त्याचा वरिष्ठ साधू श्टाउपिट्झ पार थकून जायचा. इग्नेशियसलाही स्पेनमधल्या मान्रेसात १५२२ मध्ये ह्यानं इतकं छळलं की जीव द्यायचे विचार आले, शेवटी त्यानं जुनी पापं पुन्हा उकरायचीच नाहीत असं ठरवलं. असं होत असेल तर एकाच अनुभवी माणसाकडे जा, तो पुरे म्हणाला की पुरे, आणि हात पुन्हापुन्हा धुण्यासारखं ते आवरतच नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, त्यात विश्वास कमी असण्याचा काही संबंध नाही.

तसंच कन्फेशन म्हणजे कौन्सेलिंग नव्हे. कौन्सेलर आपल्याला काय झालं ते ऐकतो, कन्फेशनमध्ये आपण काय केलं ते सांगायचं असतं. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला "तुझं काय चुकलं ते पदरी घे" म्हणणारा पाळक असेल तर त्याला कन्फेशन कळलेलंच नाही. तिथं मार देणाऱ्यानं घ्यायचं असतं.

जायचंच असेल तर

आपल्याकडे कॅथलिकांचं मोहन नगरचं कॅथेड्रल सेंट फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचं आहे, एसएफएस म्हणजे तेच. हे जिनिव्हाचे बिशप, १६२२ मध्ये वारले, स्वभावानं अतिशय मऊ म्हणून प्रसिद्ध, आणि पापनिवेदनाबद्दल त्यांचा सल्ला हाच की "मी देवावर पुरेसं प्रेम केलं नाही" असली कुणालाही लागू पडणारी वाक्यं म्हणू नका, खरी गोष्ट सांगा. ईस्टर आणि नाताळच्या आधी रांग असते, एरवी फादरला फोन करून वेळ मागितली तरी देतात. खूप वर्षांनी जात असाल तर तसं सांगायचं, शब्द पाठ नसले तरी अडत नाही, फादर हात धरून नेतात. पापमोचनाचा संस्कार सहसा बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी आहे, पण नुसतं मन मोकळं करायला कुणी गेलं तर दारातून परत पाठवत नाहीत. आमच्यासारख्यांनी पाळकसाहेबांना विचारावं, किंवा एखादा अंकल शोधावा जो किती म्हणून दोनदा विचारेल.

आदल्या रात्री कागदावर लिहून नेलं तरी चालतं, पुष्कळ जण नेतात, ऐनवेळी विसरायला होतं. फक्त नंतर कागद फाडून टाका. बायकोचा एकदा भाजीच्या यादीसोबत घडी घालून पर्समध्ये राहिला होता, आणि मेथी आणायला मला पाठवलं होतं. मी तो वाचला का? त्याबद्दल मला ज्याला सांगायचं होतं त्याला सांगून झालं आहे.